आळ चापावर, दोष भलतीकडे

नवी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा चापाबद्दलच असते. चाप दाबला तर नुसता खट्ट आवाज झाला, बार उडालाच नाही. पहिला बार झाला, पण दुसऱ्या वेळी चाप लुळा पडलेला. किंवा चाप जागचा हललाच नाही. बोट चापावर असते, त्यामुळे आळही चापावरच येतो. मग दुकानदाराशी हुज्जत होते, आणि काही उतावळे लोक तर थेट पेचकस घेऊन बसतात. या घाईत खरा दोष तसाच राहतो आणि धड असलेला चाप मात्र कायमचा बिघडतो. माझे म्हणणे सरळ आहे: या जातीच्या बंदुकीत चाप बिघडला असे वाटले, तर आधी बोल्टने (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या पोलादी ठोकळ्याने) काय केले ते बघावे, मग काडतुसाने काय केले ते बघावे, आणि चापाकडे सगळ्यात शेवटी यावे.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यासमोर एकनळी किंवा दुनळी असते. जुन्या घाटाच्या दुनळीत घोडे बाहेरच असतात. घोडा चढलेला आहे की पडलेला, हे लांबून दिसते. बंदूक उघडली की नळीत काडतूस आहे की नाही तेही कळते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे सगळे रिसीव्हरच्या बंद पेटीत होते आणि बाहेर फक्त चाप दिसतो. म्हणून दुनळीवर हात बसलेला माणूससुद्धा या बंदुकीपुढे गोंधळतो. ही बंदूक मुख्यतः अमेरिका आणि इटलीत घडली, वाढली. तिचे दुखणे समजून घ्यायचे तर तिचा जन्मही थोडा माहीत हवा.

अमेरिकेतल्या युटा राज्यातील ऑग्डनचा जॉन मोझेस ब्राउनिंग हा या बंदुकीचा जनक. 1900 साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. विंचेस्टर कंपनीशी त्याचे जुने संबंध होते, पण प्रत्येक नगामागे मानधन द्यायला ती कंपनी तयार झाली नाही. मग तो रेमिंग्टनच्या प्रमुखांना, मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला. जानेवारी 1902 मधल्या ज्या दिवशी भेट ठरली होती, त्याच दिवशी हार्टली हृदयविकाराने गेले. ब्राउनिंग बंदूक घेऊन बेल्जियमला पोहोचला आणि हर्स्टाल इथल्या एफएन कारखान्यात ती तयार होऊ लागली. तीच पुढे ‘ऑटो-5’ या नावाने प्रसिद्ध झाली: मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवायच्या नळकांड्यात, चार काडतुसे, नळीत एक, असे पाच बार. रेमिंग्टननेही नंतर परवाना घेऊन 1905 पासून तीच रचना विकायला सुरुवात केली. विसावे शतक संपत येईपर्यंत ऑटो-5 चे उत्पादन चालू होते.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप दाबला की एकच बार. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे, घोडा पुन्हा चढवणे आणि पुढचे काडतूस नळीत भरणे ही तिन्ही कामे बंदूक त्याच बाराच्या जोरावर स्वतः करते. हा जोर कुठून घ्यायचा याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. ऑटो-5 मध्ये बाराच्या धक्क्याने नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकतात. 1963 साली आलेल्या रेमिंग्टन 1100 सारख्या बंदुकीत नळीला बारीक भोके असतात. तिथून थोडा वायू बाहेर येऊन पिस्टन मागे ढकलतो. तिसरी तऱ्हा इटलीची. उर्बिनो गावात 1967 साली सुरू झालेल्या बेनेली कंपनीने ब्रुनो चिवोलानी या अभियंत्याची जडत्वावर चालणारी रचना बाजारात आणली. यात बोल्टचे धड आणि त्याचे फिरते डोके यांच्यामध्ये एक आखूड, दणकट स्प्रिंग असते. बार झाला की सगळी बंदूक मागे येते, बोल्टचे धड मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते, त्यामुळे स्प्रिंग दाबली जाते. आणि ती सुटली की बोल्ट मागे फेकला जातो.

आता चापाकडे. चाप दाबल्यावर सिअर नावाचा छोटा पोलादी आकडा सुटतो, त्याने अडवून धरलेला घोडा पुढे झेपावतो, फायरिंग पिनवर आपटतो, पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्राइमरवर बसते आणि बार होतो. बोल्ट मागे जाताना घोड्याला खाली दाबून पुन्हा चढवतो. पण तोवर नेमबाजाचे बोट चापावरून उठलेले नसते. हे सगळे डोळा लवायच्या आत झालेले असते. चाप दाबलेलाच असताना घोडा पुन्हा पडू नये म्हणून मध्ये डिस्कनेक्टर नावाची व्यवस्था असते. कुठल्या बंदुकीत तो घोड्याला दुसऱ्या आकड्यावर पकडतो, कुठे चाप आणि सिअर यांचा संबंधच तात्पुरता तोडतो. बोट सैल केले, चाप पुरेसा पुढे आला, की जोडणी परत जुळते आणि बारीकशी टक् ऐकू येते. त्यानंतरच पुढचा बार. शिवाय पुष्कळ रचनांत बोल्ट पुरता बंद झालेला नसेल तर चाप आणि घोडा यांचा संबंध जुळतच नाही. म्हणजे अनेकदा चाप ‘मेला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याने आपले काम चोख केलेले असते. अर्धवट बंद झालेल्या बंदुकीतून बार उडू द्यायचा नाही, हेच त्याचे काम आहे.

कुठल्याही तपासणीआधी बंदूक रिकामी करावी, आणि ती रिकामी झाली हे नजरेबरोबर बोटानेही खात्री करून घ्यावे. नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून काडतूस नाही ना, मॅगझिनच्या तोंडाशी चाचपून तिथेही काही नाही ना, हे बघावे. काडतुसे त्या खोलीतून बाहेर, दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळीचे तोंड सतत अशा दिशेला असावे की चुकून बार झालाच तर कुणाला इजा होणार नाही. बिघडलेल्या बंदुकीशी खेळताना हे नियम नेहमीपेक्षा कडक हवेत, कारण आपण ज्या भागावर एरवी विसंबतो त्याच्यावरच आता शंका असते.

सगळ्यात साधी तक्रार आधी मिटवून टाकू. चाप अजिबात हलत नसेल तर नव्वद टक्के शंका सेफ्टीवर घ्यावी. बहुतेक शॉटगनमध्ये चापाच्या कमानीजवळ आडवे ढकलायचे बटण असते. ते अर्धवट ढकललेले राहिले तरी चाप अडकतो. नवे बटण कडक असते, त्यामुळे हे सहज घडते. एका बाजूने लाल कडे दिसले की बंदूक बारासाठी मोकळी, ही खूण बहुतेक ठिकाणी सारखी आहे. डावखुऱ्या माणसासाठी हे बटण काही बंदुकांत उलटे बसवून घेता येते. तसे केले असेल तर घरातल्या इतरांना आवर्जून सांगून ठेवावे.

खरी डोकेदुखी सुरू होते ती ‘खट्ट, पण बार नाही’ या तक्रारीपासून. इथे थोडे थांबून बघू.

रेंजवर किंवा शिकारीवर असे झाले तर पहिली गोष्ट म्हणजे बंदूक खांद्यावरून काढून उलटसुलट करायची नाही. नळी निशाण्याच्याच दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबायचे. प्राइमर पेटला असेल पण दारू उशिरा धरत असेल, तर बार काही क्षणांनी होऊ शकतो. त्यानंतर बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढायचे. आणि बार झाला पण आवाज नेहमीचा नव्हता, नुसता फुस्स झाला, तर मात्र पुढचे काडतूस भरण्याआधी बंदूक रिकामी करून नळी आरपार बघायलाच हवी. नळीत काही अडकले असेल आणि त्यावर दुसरा बार झाला, तर नळी फुटते.

न उडालेले काडतूस फेकून देऊ नये. त्याचे बूड उजेडात धरून बघितले की निम्मे निदान तिथेच होते. प्राइमरवर मधोमध खोल, गोल खळगा असेल तर घोडा, पिन आणि चाप यांनी आपले काम केले, दोष काडतुसाचा. खळगा उथळ असेल, नखाला जेमतेम लागेल इतकाच, तर घोड्याचा जोर वाटेत कुठेतरी खर्च झाला: पिनच्या वाटेत घट्ट ग्रीस असेल, किंवा बोल्ट पुरता बंद नसेल. प्राइमर अगदी कोरा असेल तर पिन तिथवर पोहोचलीच नाही. आणि काडतूसच सापडले नाही, नळी रिकामीच होती, असेही होते. त्याकडे पुढे येतो.

उथळ किंवा कोऱ्या प्राइमरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जडत्वावर चालणाऱ्या बंदुकांचे आहे. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी त्याला नावच ठेवले आहे, ‘बेनेली क्लिक’. बोल्ट पुढे येताना शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये त्याचे डोके फिरते आणि त्यावरचे दोन दाते नळीच्या मागच्या खोबणीत अडकतात. तिथवर येईपर्यंत परतीच्या स्प्रिंगचा जोर कमी झालेला असतो. बोल्ट जोरात सोडला तर तो आपल्या वेगानेच बंद होतो. पण वसंतात पहाटे टर्कीच्या शिकारीला बसलेला माणूस आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने धरून अलगद पुढे नेतो, आणि डोके पुरते न फिरता केसभर राहून जाते. किंवा बोल्ट बंदच असतो, पण बंदूक गाडीच्या फळीवर आपटते, बोल्टची दांडी कशाला तरी अडकते, आणि डोके किंचित उलटे फिरते. बाहेरून बघता सगळे ठाकठीक. चाप दाबला की घोडा पडतो, पण त्याचा जोर प्राइमर फोडण्याऐवजी बोल्टला उरलेले अंतर पुढे ढकलण्यातच जातो. खट्ट, आणि टर्की उडून जाते. पुढे बेनेलीने सुपर ब्लॅक ईगल 3 सारख्या बंदुकांत डोके आपोआप पुरते बंद राहील अशी सुधारणा केली. पण जुन्या बंदुका पुष्कळ आहेत, आणि याच धर्तीवर बनलेल्या स्वस्त बंदुकाही बाजारात भरपूर आहेत. उपाय अगदी साधा आहे. बोल्ट नेहमी मागून मोकळा सोडावा, हात धरून नेऊ नये. भरलेली बंदूक घेऊन बसला असाल तर अधूनमधून तळहाताने बोल्टची दांडी पुढे रेटून पाहावी. नळीचे मागचे तोंड आणि दात्यांच्या खोबणी स्वच्छ ठेवाव्यात. यात चापाचा संबंध तिळमात्र नाही, तरी या एका दोषापायी कितीतरी चापांना नावे ठेवली गेली आहेत.

आता रिकाम्या नळीची गोष्ट. दुनळीवाल्याला किंवा हाताने सरकवायच्या पंप शॉटगनवाल्याला वाटते की मॅगझिन भरले आणि बोल्ट मागे ओढून सोडला, की काडतूस नळीत गेलेच. पंपात तसे होतेही. पण बेनेलीसारख्या बंदुकीत मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस अडवणारा एक खटका असतो. घोडा चढलेला असताना नुसता बोल्ट ओढला तर मॅगझिनमधले काडतूस जागचे हलत नाही. ते सोडण्यासाठी रिसीव्हरच्या बाजूला असलेली छोटी पट्टी दाबावी लागते. अनेक मॉडेलमध्ये या पट्टीवर लाल ठिपका असतो. तो दिसत असेल तर घोडा चढलेला आहे, असे समजायचे. नव्या मालकाला हे ठाऊक नसते. तो मॅगझिन भरतो, बोल्ट ओढतो, नेम धरतो आणि रिकाम्या नळीवर घोडा पाडतो. चाप बिघडला म्हणून दुकानदाराकडे येणाऱ्या बंदुकांत अशाही असतात. यात धोका वेगळाच आहे. घोडा पडला की तो खटका मोकळा होतो, आणि पुढच्या वेळी बोल्ट ओढला की काडतूस वर येते. ‘मघाशी रिकामी होती’ म्हणून बेफिकीर हाताळलेली बंदूक या वेळी भरलेली असू शकते. म्हणून नव्या बंदुकीची माहितीपुस्तिका पहिल्या बाराआधी वाचावी, आणि भरण्याचा-उतरवण्याचा सगळा क्रम डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांवर हात बसेपर्यंत करावा. मला ही नव्या बंदुकीची सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती वाटते, आणि तिला हत्यार लागत नाही.

पहिला बार होतो, रिकामे काडतूसही बाहेर पडते, पण दुसऱ्या वेळी चाप लुळा लागतो. बोट मागे जाते, कसलाही विरोध नाही, आवाज नाही. याचा अर्थ बहुधा घोडा चढलेलाच नाही. बोल्ट मागे गेला, पण पुरता गेला नाही. रिकामे काडतूस फेकण्याइतका गेला. घोडा चढवण्याइतका किंवा नवे काडतूस उचलण्याइतका नाही. ताडून बघायला सोपे आहे. बंदूक रिकामी करा, डमी काडतूस घाला, बोल्ट हाताने शेवटपर्यंत ओढून सोडा आणि चाप दाबा. घोडा नीट पडला तर चाप निर्दोष. जोर कुठे कमी पडला ते शोधायला हवे.

पहिला संशय काडतुसावर. बारा बोअरच्या काडतुसांत छर्रे 24 ग्रॅमपासून 50 ग्रॅमच्या वरपर्यंत असतात. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये 24 ग्रॅमच चालतात. बदकांच्या शिकारीसाठी, साडेतीन इंची काडतुसांसाठी बनवलेल्या नव्या कोऱ्या बंदुकीत हलकी 24 किंवा 28 ग्रॅमची काडतुसे घातली, तर ती बोल्टला पुरता मागे ढकलतीलच असे नाही. नव्या बंदुकीच्या स्प्रिंगा कडक, घासले जाणारे पृष्ठभाग अजून खरबरीत. म्हणून कित्येक कंपन्या सुरुवातीला जड काडतुसे वापरायला सांगतात. थोडे बार झाले, पृष्ठभाग एकमेकांना सरावले, की तीच बंदूक हलक्या काडतुसांवरही चालायला लागते. ब्राउनिंगच्या ऑटो-5 मध्ये तर काडतूस हलके की जड यानुसार मॅगझिनच्या नळीवरच्या घर्षण-कड्यांचा क्रमच बदलावा लागतो. कडी जड काडतुसांच्या क्रमात ठेवून हलकी वापरली तर चक्र अर्धवट राहते. उलट केले तर लाकडी दस्त्यावर आणि रिसीव्हरवर मार बसतो.

दुसरा संशय ग्रीसवर. कारखान्यातून निघालेल्या बंदुकीला गंज लागू नये म्हणून जाड संरक्षक तेल किंवा ग्रीस फासलेले असते. ते वंगण नव्हे. मिनेसोटा किंवा नॉर्थ डकोटासारख्या राज्यांत बदकांचा हंगाम थंडीतच येतो, आणि अशा थंडीत ते मेणासारखे आळते. बोल्ट मंद होतो, पिन मंद होते, चाप मागे राहतो. पहिल्या वापराआधी बंदूक उकलून हे सगळे पुसून काढावे आणि पातळ तेलाचा हलका हात द्यावा. तेल जास्त झाले तर तेही धूळ आणि न जळलेली दारू धरून ठेवते.

तिसरा संशय जोडणीवर. मॅगझिनच्या टोकाची टोपी पुरती आवळलेली नसेल तर नळी सैल राहते आणि वायूवर किंवा जडत्वावर चालणारी दोन्ही प्रकारची बंदूक अडखळते. रेमिंग्टन 1100 मध्ये मॅगझिनच्या नळीवर रबराची एक बारीक कडी असते. वायू निसटू नये यासाठी ती असते. सफाईनंतर ती बसवायची राहिली किंवा तिला चीर गेली, की बंदूक एकेक बाराची होऊन बसते आणि दर वेळी बोल्ट हाताने ओढावा लागतो. काही रुपयांचे रबर, पण त्यापायी लोक अख्खी चापाची जोडणी बदलायला निघतात. जडत्वाच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट: तिला मागे येण्याची मोकळीक हवी. बंदूक कशावर तरी घट्ट टेकवून धरली किंवा तिच्यावर जड दिवे-दुर्बिणी लादल्या, तर धक्का बोल्टपर्यंत पोहोचतच नाही.

काडतूस अडकले म्हणून बोल्ट उघडत नाही, तेव्हा माणसे चुकीची ताकद लावतात. याचा एक कटू दाखला इतिहासात आहे. ब्राउनिंगच्या पेटंटमुळे विंचेस्टरला बोल्टला दांडी लावता येईना. म्हणून त्यांनी 1911 साली काढलेल्या शॉटगनमध्ये नळीवरच खरखरीत पट्टा दिला. नळी हाताने मागे ढकलून बंदूक उघडायची. त्या काळची काडतुसे कागदाची, दमटपणाने फुगायची आणि अडकायची. मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी नळी खाली दाबत, आणि तेव्हा नळीचे तोंड त्यांच्याच चेहऱ्यासमोर असे. त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले. आजच्या बंदुकांना दांडी असते, तरी बंदूक जमिनीवर टेकवून बोल्टवर लाथ मारणारे लोक आजही आहेत. काडतूस अडकून बोल्ट हलत नसेल, तर नळीची दिशा सांभाळून बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी.

एवढे सगळे धड निघाले, की मगच चापाची स्वतःची परीक्षा घ्यावी. बंदूक रिकामी, नळीत डमी काडतूस. घोडा चढवून सेफ्टी लावा आणि चाप जोराने दाबा. काही होता कामा नये. बोट पूर्ण काढा, आणि मग सेफ्टी उघडा. सेफ्टी उघडताक्षणी घोडा पडला, तर बंदूक तिथेच बाजूला ठेवायची. नसेल पडला तर आता चाप दाबून घोडा पाडा, आणि बोट न सोडता, चाप दाबलेलाच ठेवून बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडा. बोल्ट पुढे येताना घोडा त्याच्यामागोमाग पडला, तर डिस्कनेक्टरने त्याला पकडले नाही. हा गंभीर दोष. पकडला असेल तर आता बोट सावकाश सैल करत जा. ठराविक जागी टक् ऐकू येईल. पुन्हा दाबा, घोडा पडायला हवा. टक् ऐकूच आली नाही, चाप परत पुढे येताना रेंगाळला, तर परतीची स्प्रिंग, ग्रीस किंवा चापाच्या कमानीत अडकलेला कचरा बघावा. आणि टक् व्यवस्थित येत असूनही रेंजवर दुसरा बार होत नसेल, तर बहुधा नेमबाजाचे बोटच पुरते सुटत नाही. जाड हातमोजे घातले की हे हमखास होते.

सफाईसाठी चापाची संपूर्ण जोडणी बाहेर काढता येते. कुठे एक खिळा असतो, कुठे दोन. परत बसवताना खिळा पुरता आत, रिसीव्हरच्या सपाटीला आला आहे का ते बघावे. एखादा मिलिमीटर बाहेर राहिला तरी चाप वेडावाकडा वागतो. जोडणी बाहेर असताना चाप दाबून घोडा सुटा आपटू देऊ नये. समोर अडवायला बोल्ट नसतो, त्यामुळे घोडा जोडणीच्याच धातूवर किंवा प्लास्टिकवर आदळतो आणि ती तडकू शकते.

एकदा दाबल्यावर दोन बार होणे, किंवा न दाबता बार होणे, या तक्रारीला घरगुती उपाय नाही. कधीकधी बंदूक खांद्याला सैल धरल्यामुळे धक्क्याने ती मागे-पुढे होते आणि बोट नकळत दुसऱ्यांदा चाप दाबते. तसे आहे का ते जाणत्या माणसाने तपासावे, तेही मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे घालून. तसे नसेल तर सिअर आणि घोड्याच्या पकडीत दोष आहे आणि बंदूक वापरातून काढायची. अमेरिकेत 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टप्रमाणे चाप एकदा दाबल्यावर एकाहून जास्त बार आपोआप उडवणारे शस्त्र मशीनगन ठरते. म्हणजे हा प्रश्न जिवाचा तर आहेच, कायद्याचाही आहे.

राहता राहिली चाप जड असल्याची तक्रार. नव्या शॉटगनचा चाप साधारण 5 ते 7 पौंडांचा, म्हणजे सव्वादोन ते सव्वातीन किलोंच्या आसपास असतो. रायफलीच्या हलक्या चापाची सवय असलेल्याला तो रुक्ष वाटतो. पण रायफलीचा चाप हळूहळू दाबायचा, तर शॉटगनचा चाप उडत्या निशाण्यामागे नळी फिरत असताना झटक्यात दाबायचा असतो; तिथे थोडे वजन सोसते. वापराने तो मऊ होतो. मात्र सिअरच्या कडेला कानस किंवा पॉलिशचा दगड लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या कडेवर पोलादाचा कठीण थर पातळ असतो, तिचा कोन ठरलेला असतो. तो थर गेला की आतले मऊ पोलाद झिजत जाते आणि आज गोड वाटणारा चाप उद्या धक्क्याने सुटतो. कारखान्यातही चापाची जुळणी किती नाजूक असते हे 2014 च्या एप्रिलमध्ये दिसले. रेमिंग्टनने मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन या रायफलींचे एक्स-मार्क प्रो जातीचे चाप परत मागवले. जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त लागल्याने काही परिस्थितींत रायफल आपोआप सुटू शकत होती. निष्णात कामगारांच्या हातूनही एवढ्याशा चिकटद्रव्याने असे होते, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कानस चालवून काय होईल?

खरा दोष चापातच निघाला तर नवी बंदूक हमीवर परत पाठवावी. अमेरिकेत मालकाला आपली बंदूक दुरुस्तीसाठी थेट कंपनीकडे पाठवता येते आणि ती दुरुस्त होऊन थेट त्याच्याकडेच परत येऊ शकते. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे आणि आपला शस्त्रपरवाना बरोबर ठेवावा. बंदूक देताना ‘चाप बिघडला आहे’ एवढेच सांगू नये. कुठल्या कंपनीची, किती इंची आणि किती ग्रॅमची काडतुसे वापरली, कितव्या बाराला अडले, बोल्ट त्या वेळी कुठे होता, घोडा चढलेला होता की पडलेला, थंडी होती का, सफाई कधी केली, हे कागदावर लिहून द्यावे. आणि न उडालेले काडतूस बंदुकीबरोबर द्यावे का, हे आधी विचारून घ्यावे. दारू भरलेले काडतूस बंदुकीच्याच खोक्यात घालून पाठवू नये. त्याच्या बुडाचा जवळून काढलेला, प्राइमरवरचा खळगा स्पष्ट दिसणारा फोटो पाठवला तरी कारागिराचे काम भागते.